सरांच्या नावाची मूठ

सर, दोनच शब्द म्हणायचे होते. ‘चूक झाली.’ माझ्या थोरल्या दिरांनी, आप्पांनी, याहून जास्त काही मागितलं नव्हतं. कानबाईच्या गव्हापुढे डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, हे दोन शब्द म्हणायचे आणि सगळ्यांबरोबर गहू निवडायला बसायचं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, "मंगलाबाई, खर्च शून्य, फायदा मोठा. म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा."

म्हणून तर आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण तुम्ही जिवंत असताना एकही भांडण पुरं होऊ दिलं नाहीत. "उरलेलं उद्या, डब्याबरोबर," म्हणायचात.

तुमच्या शोकसभेला मी शेवटच्या रांगेत होते. तुमचे जुने विद्यार्थी एकेक करून उठले. कुणाची कापडाची पेढी आहे, कुणी बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. एक म्हणाला, "सर बहु प्रॅक्टिकल माणस हता." सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही हसू आलं. मग विद्यार्थ्यांच्या मंडळाचे चिटणीस माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सरांवर छोटं पुस्तक काढतोय. तुम्ही डबा द्यायचात ना? सेवेबद्दल चार ओळी लिहून द्या." मी मान डोलावली, पण घरी येऊन कागद तसाच कोरा ठेवला. सेवा मी केली नव्हती. डबा दिला होता आणि त्याचे पैसे घेतले होते. त्यापलीकडे आपल्यात जे होतं, त्याला काय म्हणायचं ते तुम्हालाही माहीत नव्हतं, सर. अर्थशास्त्र चाळीस वर्षं शिकवूनही.

आपली ओळख झाली ती भांडणानेच. तुम्ही नोकरीतून मोकळे होऊन कुठल्याशा संस्थेच्या पाहणीचं काम घेतलं होतं. सुरतेत गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत दारोदार फॉर्म भरत फिरत होतात. मी उंबऱ्यात बसून साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापत होते. आमच्याकडे निम्म्या गल्लीच्या बायका हेच करतात, साड्यांची गठडी घरी येते आणि कापून परत जाते.

"रोज किती तास चालतं हे?" तुम्ही विचारलंत.

"मध्ये मध्ये चालतं, सर."

"मध्ये मध्ये म्हणजे किती?"

"पाणी भरून झालं की थोडं. यांचा डबा गेला की थोडं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थोडं."

"असं लिहिता येत नाही हो." आणि तुम्ही लिहिलंत. मी समोरून वाचलं: मुख्य काम, काही नाही.

"सर, मी सातवी शिकले आहे. उलटं पण वाचता येतं मला. काही नाही म्हणजे काय?"

तुम्ही गोंधळलात. "फॉर्ममध्ये तशी चौकट नाही. एकतर पूर्ण वेळ काम, नाहीतर काही नाही."

"मग काढा की एक चौकट. पेन तुमच्याच हातात आहे."

"मशीन वाचणार नाही ती."

"मशीनला सांगा, बाई रागावली."

तुम्ही खूप हसलात, पण चौकट काढली नाहीत. जाताना मात्र विचारलंत, इथे कुठे घरची पोळी-भाजी मिळेल का. तुमच्या बाईंना जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी बडोद्याला. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन तुमचे तीन जिने चढायला लागले.

तुमचे उपकार मी विसरले नाही. आधी तेच लिहिते, नाहीतर लोक म्हणतील शिकलेल्या माणसावर तोंड टाकते. धागे कापायचा भाव पडत गेला तेव्हा मला वाटायचं, माझा हात मंद झाला, डोळे गेले. घाबरून मी आणखी गठड्या घ्यायचे आणि रात्रंदिवस मान मोडायचे. तुम्ही एक दिवस डबा बाजूला सारून वहीच्या पानावर रेघा मारून दाखवल्यात: हात वाढले की भाव कसा उतरतो. "यात तुमच्या बोटांचा काही दोष नाही, मंगलाबाई." त्या दिवशी घरी जाताना जिने कधी उतरले ते कळलं नाही. मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की दोष माझा नाही. तुमच्या शास्त्राने मला एवढं दिलं आणि ते मी नाकारत नाही.

मग तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तुम्ही पेपर माझ्यापुढे सरकवलात. "बाजाराचं पान वाचा." सातवी पास बाई अडखळत वाचायची आणि तुम्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून समजावून सांगायचात. पुढे पट्टी सुटली तरी वाचन सुटलं नाही. आज मी हे लिहिते आहे ते त्या महिन्यामुळे. शिकवताना तुम्ही गुजरातीत बोलायचात, रागवायचात मात्र मराठीत. माझ्या वाट्याला सगळी मराठीच आली.

चौथ्या पोळीचा नियम तुम्ही मला त्याच दिवसांत सांगितलात. "भुकेल्या माणसाला पहिली पोळी अमृतासारखी लागते. दुसरी चांगली लागते. तिसरी ठीक. चौथी नकोशी होते. माणूस कुठलाही असो, पोळी कुणाच्याही हातची असो."

"पण सर, चौथी आग्रहाची असते. ती पोटासाठी नसतेच."

"मग कशासाठी असते?"

"वाढणारीसाठी."

"मोजता येत नाही असं काही बोलू नका," तुम्ही म्हणालात. पण त्यावर विचार केलात हे मला कळलं, कारण भाजी तशीच निवत राहिली.

दर श्रावणात आपलं ठरलेलं भांडण कानबाईचं. तीन दिवस डबा बंद असायचा म्हणून तुम्ही चिडायचात. वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळालाच नथ घालून, नटवून देवी करतात. रविवारी बसवायची, सोमवारी पोचवायची. तिचा रोट असतो. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते एकत्र दळायचे आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. तो रोट कुळातल्यांनीच खायचा. बाहेर जायला नको आणि ताटात उरायला नको. आमची भाऊबंदकी आता जवळजवळ सगळी सुरतेतच आहे, कोणी कोसाडला, कोणी कडोदऱ्याला, कोणी आमच्यासारखं गोडादऱ्याला. म्हणून गावाहून नारळच इकडे आणला. देवीसुद्धा कामाला सुरतेला आली, असं आमचे हे, रुपालीचे पप्पा, म्हणतात.

तुम्ही एकदा त्यांनाच गाठलंत. लूमवर, मागांच्या खडखडाटात, उभं राहून राहून त्यांना कमी ऐकू येतं आणि ते सगळ्यांशी ओरडूनच बोलतात. तुम्हीही ओरडून विचारलंत, "ऐन सीझनमध्ये दोन दोन दिवस लूम सोडून जाता. काय मिळतं?"

"काही नाही मिळत, सर!"

"मग जाता कशाला?"

"मिळवायला रोजच जातो की! त्या दिवशी नाही जात!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी डब्याचं झाकण पुसत होते. नंतर हळूच म्हणालात, "माणूस काय बोलतो ते सोडून द्यावं, मंगलाबाई. कशासाठी काय सोडतो, ते पाहावं. या गरीब माणसाने दोन दिवसांची मजुरी सोडली, म्हणजे त्याला त्याहून जास्तीचं काहीतरी मिळत असणार. नातं म्हणजे तुमच्या लोकांचा विमाच की. अडीनडीला कामाला येतो."

या वाक्याचा मला फार राग आला. कारण त्यात थोडं खरं होतं. आम्ही सुरतेत उतरलो तेव्हा चार महिने आप्पांच्याच खोलीत राहिलो. रुपालीच्या पप्पांना लूमवर उभं केलं तेही आप्पांनी. भाऊबंद नसते तर आम्ही स्टेशनावरूनच परत गेलो असतो. पण आईला मूल म्हातारपणी उपयोगी पडतं म्हणून ती त्याला दूध पाजत नाही ना, सर? उपयोग होतो, हे खरं. उपयोगासाठी होतं, हे खोटं. एवढा फरक मला तेव्हा शब्दांत सांगता आला नाही. जिने उतरताना सुचला, तेव्हा तुम्ही दार लावलं होतंत.

आणि मग तुम्ही जे विचारलंत, त्याने मला आठ दिवस झोप दिली नाही. "त्या रोटात तुमच्या नावाची मूठ किती?"

"बायांची मूठ नसते, सर."

"रुपालीची?"

"नसते."

"म्हणजे निवडायचे तुम्ही, दळायचे तुम्ही, पुरण वाटायचं तुम्ही. आणि हिशेबात तुम्ही नाही." तुम्ही हसला नाहीत तेव्हा. "माझ्या फॉर्मात तुम्हाला चौकट नव्हती म्हणून मला बोललात. इथे कोण काढणार चौकट?"

सर, त्या दिवशी तुम्ही जिंकलात. मी एवढंच म्हटलं की उद्या मेथी आणते.

गेल्या श्रावणातला सोमवार. देवी पोचवून आम्ही परत आलो आणि जेवायला बसलो. माझ्या ताटात चार पोळ्या आल्या. आजूबाजूला सगळं कूळ बसलेलं, पोरांचा गलका चाललेला. आणि मला एकदम वाटलं, सर आज ब्रेड खात असतील. मी दोन घास खाल्ल्यासारखं केलं, पोळ्या डब्यात घातल्या, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी घेतली आणि तुमच्या जिन्याकडे निघाले. मी भित्री बाई आहे, रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात धरते. ते एवढं मोठं कसं केलं मी, अजून कळत नाही.

दार उघडून तुम्ही डब्याकडे पाहिलंत. "रोट आहे हा?"

"हो."

"मी कुळातला नाही."

"माहीत आहे."

"कुणाच्या वाटचा?"

"माझ्या."

"तुमची तर मूठच नसते म्हणालात."

"म्हणूनच. जी मूठ कुणी मोजली नाही, तिच्यावर कुणाचा हक्क? मी कुणालाही देईन."

तुम्ही खाली बसलात, मांडी घालून, टेबल सोडून. मी बजावलं, एक घासही टाकायचा नाही. तुम्ही साखरेचे पेशंट, दोन पोळ्यांच्या वर डॉक्टरांनी मनाई केलेली. मी म्हटलं, दोन खा, दोन मी खाते. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. पहिली खाल्लीत, दुसरी खाल्लीत. तिसरी हळूहळू. चौथीला तुमच्या कपाळावर घाम आला. मी पाहत होते आणि मला तुमचा नियम आठवत होता. तुम्हालाही आठवत असणार.

मग ताट धुवायला उठलात तेव्हा मी ओरडले, "ते पाणी मोरीत नाही टाकायचं, सर! रोटाच्या ताटाचं पाणी पायदळी जायला नको."

"मग कुठे टाकू?"

तुम्ही खिडकीतून खाली पाहिलंत, तिथे रस्ता. बाल्कनीत एक कुंडीही नव्हती. तिसऱ्या मजल्यावर कुठली आली अशी जागा, जिथे कुणाचा पाय पडणार नाही? तुम्ही क्षणभर ताट हातात धरून उभे राहिलात. मग ते पाणी पिऊन टाकलंत. ओठ पुसलेत आणि जसं काही झालंच नाही असे चष्मा शोधायला लागलात.

"चौथी कशी लागली?" मी विचारलं.

"सांगतो."

सांगितलं नाहीत. दिवाळीत विचारलं, संक्रांतीला विचारलं. दर वेळी "सांगतो." फाल्गुनात तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी मुगाचं पातळ वरण घेऊन आले होते. तुम्ही दोन चमचे घेतलेत आणि म्हणालात, "चारवरून अर्ध्यावर आलो, मंगलाबाई. नियम बरोबर निघाला."

"आधी चौथीचं सांगा."

"घरी गेल्यावर."

वैशाखात तुमच्या मुलीचा फोन आला. मी कणीक मळत होते. हात तसेच राहिले. माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते कुणालाच सांगितलं नाही, तुम्हाला सांगते: त्या चार पोळ्यांनी तर नाही ना? देवीने नाही, तर साखरेने? तुमच्या मुलीला विचारलं. ती रडता रडता म्हणाली, "मावशी, नऊ महिन्यांपूर्वीच्या पुरणपोळीने कोणी जात नाही. बाबा ते कौतुकाने सांगायचे मला." काय सांगायचे, ते मी विचारलं नाही. मला ते तुमच्याच तोंडून हवं होतं.

शोकसभेहून आल्यावर रुपाली रडत रडत चुलतबहिणीशी बोलून गेली, की मम्मीने सरांना रोट दिला होता. चार दिवसांत कोसाडपर्यंत, आप्पांच्या कानावर पोचलं. आप्पा घरी आले. ते माझे जेठ, माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी पदर घेऊन दाराआड उभी. ते यांच्याशी बोलले, तेही ओरडून, कारण त्यांनीही जन्म लूमवरच काढला.

"बाहेरना माणूसले रोट दिन्हा! कोन लागस तो आपला?"

यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आप्पांनी तो बाजूला सारला.

"म्हनीसन तो माणूस गया. म्हनीसन आपला दोन जणस्ना कारखाना बंद पडना. तिले सांग, गहूसमोर चूक व्हयनी म्हन. नहीतं तुमना गहू येगळा."

म्हणजे रोट बाहेर गेला म्हणून तुम्ही गेलात, म्हणून कारखाने बंद पडले; आणि चूक कबूल नसेल तर गहू वेगळे. सर, याचा अर्थ तुम्हाला कळला असता. परक्या गावात आमचं जे काही आहे ते या एका पिठाला धरून आहे. उद्या मुलाला काम पाहायचं, रुपालीचं लग्न ठरवायचं, आजारपण, मयत, सगळ्याला हीच माणसं. आठ दिवस मी तुमच्यासारखाच हिशेब करत होते. एका बाजूला सगळं कूळ. दुसऱ्या बाजूला एक गेलेला माणूस, ज्याला आता काही फरक पडत नाही. दोन शब्द. खर्च शून्य.

पण तुम्हीच शिकवलं होतं ना, काय बोलतो ते सोडा, कशासाठी काय सोडतो ते पाहा? मग मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तब्येत सोडलीत, नियम सोडलात, मोजायचं सोडलंत, आणि ज्या देवीला तुम्ही मानत नव्हतात तिच्या ताटाचं पाणी प्यायलात. मिळवलंत काय? तुमच्या कुठल्या रेघेत बसतं ते? आणि मी म्हणू, चूक झाली? मग तुम्ही त्या ताटावर बसलात तीही चूकच ठरते.

आज शनिवार. दुपारी कोसाडला आप्पांच्या खोलीत चादरीवर गव्हाची रास होती. सगळे जमले होते. नावं घ्यायला सुरुवात झाली, मूठमूठ पडायला लागली. आमचं नाव आलं तसे आप्पा थांबले. "म्हन म्हना तिले."

मी डोक्यावर पदर घेतला, सर. मी म्हटलं, "चूक नाही झाली."

कुणाचं तरी मूल तेवढं खिदळलं. आप्पांनी आमच्या दोन मुठी, यांची आणि मुलाची, राशीतून बाजूला काढल्या. त्यांचे डोळे भरले होते, हेही लिहिते, कारण ते वाईट माणूस नाहीत. रुपालीच्या पप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पसरला आणि म्हणाले, "यात टाक, दादा." एवढंच. परतताना बसमध्ये ती पुरचुंडी माझ्या मांडीवर होती. मी रडत होते. हे ओरडून म्हणाले, "आता कशाले रडस? सरनं भूत तुन्हा आंगमा आयेल शे!" अख्खी बस वळून पाहायला लागली. मला रडता रडता हसू फुटलं.

आता घरी आहे. ताटात आमचे अडीच मुठी गहू आहेत. वेगळे काढलेले. आणि सर, मघाशी मला कळलं की वेगळे काढले म्हणजे आता कुणाला विचारायचं नाही. मी घरातला गव्हाचा डबा उघडला. एक सव्वा मूठ घातली रुपालीच्या नावाने. ती पाहतच राहिली. मग एक घातली माझ्या नावाने. मंगला. स्वतःचं नाव मोठ्याने घेताना जीभ अडखळली, बाजाराचं पान वाचताना अडखळायची तशी. ही तुमच्या प्रश्नाची चौकट. तुम्ही काढली नाहीत, मी काढली. गेलेल्यांची मूठ टाकत नाहीत, पण जिवंतपणी तुमची कधी पडलीच नव्हती. म्हणून मी पुन्हा डब्यात हात घातला.

हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "सरनी मूठ जराशी मोठी भर."

मोठीच भरली आहे, सर. सव्वा आहे की दीड, ते मी पाहिलं नाही. उद्या पोळ्या होतील. चौथी मी खाईन आणि कशी लागली ते तुम्हाला सांगणार नाही.